तरफ

पाच दिवसांचं प्रशिक्षण, मिरजेत.
पहिल्या दिवशी सही, पोहे, फाईल, पेन
आणि पडद्यावर गोल गोल बाण.
मी जतहून पहाटेची एसटी धरून आलेला,
मागच्या रांगेत, पंख्याखाली.
डोळे उघडे ठेवून झोपायची विद्या
अठरा वर्षांच्या नोकरीत कमावलेली.

मगदूम मॅडम म्हणाल्या, उद्या वर्ग नाही,
उद्या सतारवाल्यांच्या गल्लीत.
चित्रकलेचे ऐवळे खूश.
मी विचारलं, विज्ञानवाल्यांनी पण यायचं का?

एक खोली. आढ्याला टांगलेले भोपळे,
पायाखाली भुसा, लाखेचा वास,
आणि दस्तगीरभाई, चष्मा कपाळावर,
हाडाच्या घोडीवर कानस फिरवत.
थोडं घासायचं. तार छेडायची. ऐकायचं.
परत थोडं.
"किती मिलिमीटर?" मी वही काढली.
"आवाज उघडेपर्यंत."
मी वहीत मिलिमीटर लिहून ठेवलं होतं,
त्याच्यापुढं काय लिहावं कळेना.

मग म्हणाले, आता तरफ दाखवतो.
तरफ मला ठाऊक होती.
टेकू, बल, भार.
अडकित्ता, कात्री, चिमटा.
तीन प्रकार आकृतीसह, सहा गुण.
त्यांनी वरची एक तार छेडली
आणि लगेच बोटानं दाबली.
ती गप्प झाली.
खोली झाली नाही.
खाली, पडद्यांच्या आडोशाला,
कुणी हातही न लावलेल्या बारीक तारा
आपसात काहीतरी बोलत राहिल्या,
शिक्षक बाहेर गेल्यावर वर्ग बोलतो तशा.
"ह्या तरफेच्या. ह्यांना वाजवत नाहीत,
फक्त लावून ठेवतात. सुरात."

मॅडमनी माझ्या हातात खडू दिला.
फरशीवर मधोमध लिहिलं: हा आवाज.
आता सांगा, ह्याच्यात कोण कोण आहे?
लाकूड, हाड, लाख. सोपं होतं.
भोपळा.
भोपळा कुठला? दस्तगीरभाई हसले,
तुमच्याच शिवंवरचा यायचा, सर.
पेरणाऱ्यानं औंदा ऊस केला.
का केला?
कॅनॉल आला.
कुठनं आला?
म्हैसाळहून, कृष्णेचं उचललेलं पाणी.
खडू चालत होता आणि मी त्याच्या मागं.

पाणी आलं त्या दिवशी हलगी लावली होती गावानं.
मी पोरांना निबंध घातला, 'आमच्या गावी पाणी आले'.
माझ्या भावाचा दोन एकर ऊस त्याच पाण्यावर,
पोरीच्या वसतिगृहाची फी त्या उसावर,
आणि तिनं मागितलेली सतार
एवढी महाग का, म्हणून मी
मागच्या महिन्यातच फोनवर चिडलो होतो.
बाण वळत वळत
माझ्या बुटापाशी आला.
मी पाय मागं घेतला.
मॅडम म्हणाल्या, राहू द्या, तिथंच ठेवा.

चूक कुणाची, हे लिहायला
त्या आकृतीत कुठं जागाच नव्हती.
पाणी यायला नको होतं का?
मी तरी तसं म्हणणार नाही.
टँकरच्या रांगेत वाढलोय.
ऐवळे उकिडवे बसून
बाणांच्या मधल्या मोकळ्या जागेत
भोपळ्याचा वेल काढत होते.
मला आधी राग आला.
मग दिसलं, वेलानं
माझे दोन सुटलेले बाण जोडले होते.

सोमवारी आठवीचा तास.
सायकलच्या दुकानातून क्लचची तार,
एकाच बाकावर दोन खिळ्यांत, दोनदा,
कानाला सारखी लागेपर्यंत ताणली.
कानाला. मी, ज्यानं आयुष्यभर पट्टी वापरली.
एकीवर कागदाची चिठी बसवली,
दुसरी छेडली.
चिठी थरथरली आणि उडाली.
सगळे हसले. सिद्धव्वा हसली नाही.
"सर, मग ही वाजवली कुणी?"
उत्तर माझ्या तोंडात तयार होतं,
अनुनाद, व्याख्या, दोन ओळी.
गिळलं.
खडू तिच्या हातात दिला.

शाळा सुटल्यावर लॉगबुक.
तारीख, इयत्ता, तासिका.
विषयाच्या रकान्याशी पेन अडलं.
विज्ञान म्हणू? संगीत? भूगोल?
मग लिहून टाकलं: तरफ.
साहेब तपासणीला येतील, बघतील,
अभ्यासक्रमात आहे म्हणून
लाल पेनानं बरोबरची खूण करतील.